मोबाइल हातात, म्हणून व्यसनी?

पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हेच दिसतं: समोर जाडजूड पुस्तक, शेजारी मोबाइल आणि घडीघडी उजळणारी त्याची स्क्रीन. ते पाहून ‘या पोरांना इंटरनेटचं व्यसन लागलंय, वाचतात कुठं?’ असा निकाल चटकन दिला जातो. तो घाईचा आहे.

सहा तास ऑनलाइन म्हणजे व्यसनी, हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘इंटरनेटचं व्यसन’ असा स्वतंत्र आजारच नाही. आहे तो ‘गेमिंग डिसऑर्डर’, आणि त्यातही तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, अभ्यास-झोप-माणसं मागं पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा हे निदान होतं. मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग यांची इंटरनेट-व्यसनाची २० प्रश्नांची चाचणी विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत सर्रास वापरतात. तिच्यात गुण जास्त आले, एवढ्यावरून कुणाला रोगी ठरवता येत नाही.

मुलं वाचत नाहीत, हेही खरं नाही. नोट्स, पीडीएफ, बातम्या, परीक्षेच्या ग्रुपवरचे मेसेज असं दिवसभर वाचन चालूच असतं. आटतंय ते सलग, एका बैठकीतलं वाचन. काळजी करायची तर त्याची.

‘कागद काय, स्क्रीन काय, मजकूर तोच’ असं मात्र मुलंच म्हणतात. २०१८ साली ५४ अभ्यासांचा आणि सुमारे १ लाख ७० हजार वाचकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यात आढळलं. गोष्टी-कथांच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी मोबाइलवर खुशाल वाचावी. अर्थशास्त्राचं प्रकरण मात्र छापील घ्यावं.

मोबाइल पालथा ठेवला की झालं, हाही भ्रमच. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१७ मधल्या प्रयोगांत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी तो टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगले गुण मिळवले. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरी वाचताना मोबाइल बॅगेत टाकून बॅग लांब ठेवायला काहीच खर्च नाही.

ज्याची खरोखर झोप, परीक्षा, जेवण सगळं विस्कटलंय, त्याला टोमणे नकोत, मदत हवी. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून अशा मदतीसाठी ‘शट’ क्लिनिक आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो.