फोनचा नकाशा आणि फडाची वाट

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेतकी खात्याकडे दरसाल त्याच चौकशा येतात. टोळी कधी येणार, नोंदीप्रमाणे तोड कधी मिळणार, वाहन वेळेवर लागेल का. अलीकडे यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. वाहन फडाकडे निघाले पण पोचलेच नाही; किंवा भरून निघाले आणि भलत्याच ओढ्याच्या काठाला जाऊन थांबले. ड्रायव्हरला विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "साहेब, फोननं हीच वाट दावली."

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही नेहमी सांगत आलो आहोत. वाट चुकलेल्या खेपेत ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घटतो आणि पाठीमागची टोळी वाहनाची वाट पाहत बसून राहते. तथापि हा प्रश्न नुसत्या वजनाचा असता तर त्यावर एवढे लिहिले नसते. फोनच्या नकाशावर डोळे मिटून विसंबल्याने माणसे जिवाला मुकली आहेत, आणि त्यांतली एक घटना आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

उपग्रह काय सांगतो, काय सांगत नाही

जी.पी.एस. ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली व्यवस्था आहे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे उपग्रह फिरत असतात. त्यांपैकी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कोठे आहोत हे फोनला काढता येते. सन २००० च्या मे महिन्यापर्यंत सामान्य नागरिकांना मिळणारा संदेश मुद्दाम कमी अचूक ठेवला जात असे. ते बंधन उठले आणि आज उघड्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा साधारण ५ मीटरच्या आत आपली जागा दाखवतो. ४ फुटी सरीच्या हिशोबाने म्हणाल तर चार सऱ्यांचा फरक! हे तंत्र खोटे नाही, टाकाऊ तर मुळीच नाही. उसाच्या नोंदीला आणि फडाची जागा दाखवायला ते चांगले कामी येते.

पण उपग्रह फक्त तुमची जागा सांगतो. पुढे रस्ता आहे की खड्डा, हे त्याला ठाऊक नसते. ते काम नकाशाचे. आणि नकाशा म्हणजे विमानातून किंवा उपग्रहावरून घेतलेली चित्रे, जुनी कागदपत्रे आणि त्या वाटेने पूर्वी गेलेल्या लोकांच्या फोनवरून मिळालेली माहिती, यांची गोळाबेरीज. वरून पाहिले तर पाणंद, कालव्याचा सेवा रस्ता आणि बंधाऱ्याची भिंत, तिन्ही एका बारीक रेघेसारख्याच दिसतात. हमरस्त्यावर तासाला शेकडो फोन जातात, म्हणून तिथला अडथळा नकाशाला लवकर कळतो. आपल्या पाणंदीने रात्री कोण जातो? तिथे ओघळ पडला तरी नकाशाला त्याची वार्ता महिनोन् महिने लागत नाही.

दुसरी गोष्ट. फोनवरचा नेहमीचा नकाशा मोटार, मोटारसायकल किंवा पायी चालणारा माणूस धरून वाट काढतो. तुमच्या मागे दोन ट्रॉल्या आहेत, त्यांत पंधरा-वीस टन ऊस आहे, वळणाला जागा जास्त लागते आणि वरच्या मोळ्या लोंबत्या तारेला लागू शकतात, यातले काही त्याला सांगितलेलेच नसते. मग तो जवळची वाट दाखवतो, आणि ती मोटारसायकलला खरोखरच जवळची असते.

रेघ आहे, पूल नाही

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) कोतूळजवळ एक मोटार रात्रीच्या वेळी सरळ पाण्यात गेली. पुण्याहून आलेली मंडळी कळसूबाईकडे निघाली होती. फोनच्या नकाशाने दाखवलेला रस्ता पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावरून जात होता. दोघे कसेबसे बाहेर पडले, गाडी चालवणारा बुडाला. हा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे आसपासच्या गावांत सर्वांना माहीत होते, म्हणून त्या दिवसांत तिकडून कोणी जात नसे. माहीत नव्हते ते फक्त परक्या माणसाला आणि त्याच्या फोनला.

१ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी केरळात कोचीजवळ गोथुरुत येथे असेच घडले. मुसळधार पाऊस, अंधार, वळण चुकले आणि मोटार नदीत गेली. दोन तरुण डॉक्टर मृत्यू पावले. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूँ जिल्ह्यांच्या हद्दीवर रामगंगेच्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा एक भाग पुराने आधीच वाहून गेला होता, पण फोनवरच्या नकाशात पूल अखंड होता, आणि वाट अडवणारा पुरेसा आडोसा पुलावर नव्हता. पुढे तेथील बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदला गेला.

या तीन घटना शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक ठिकाणी परका माणूस, प्रत्येक ठिकाणी अंधार किंवा कमी वर्दळीची वाट. आणि प्रत्येक ठिकाणी पुढचा धोका जवळपास राहणाऱ्या माणसाला ठाऊक असणार. ती माहिती गाडीपर्यंत पोचली नाही, एवढेच कमी पडले.

हे फक्त आपल्याकडचेच, असेही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला होता. ॲपल कंपनीच्या नव्या नकाशाने मिल्ड्युरा हे शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका निर्जल राष्ट्रीय उद्यानात दाखवले होते. तिकडे जाऊन अडकलेल्या वाहनचालकांना सोडवावे लागले.

नावांचा घोटाळा

सन २००९ मध्ये स्वीडनमधील एक जोडपे इटलीतल्या काप्री बेटावर जायला निघाले आणि उत्तरेकडच्या कार्पी नावाच्या औद्योगिक गावात पोचले. यंत्रात नाव घालताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले होते. बेटावर जायला होडी लागते हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आले नाही, याचे वाचकांना हसू येईल.

पण आपल्याकडे काय कमी आहे? वडगाव किती, पिंपळगाव किती, वाडी किती! एकाच नदीच्या दोन काठांना बुद्रुक आणि खुर्द समोरासमोर असतात; मधून जाणारा पूल मात्र आठ-दहा किलोमीटरवर. ड्रायव्हरने नुसते 'वडगाव' घातले की फोन आपल्या मनाने कोणते तरी वडगाव निवडतो. कारखान्याचे नाव घातले तरी फोन गाडीतळाच्या फाटकाऐवजी मुख्य कचेरीच्या दारात नेऊन सोडतो, आणि भरल्या ट्रॉल्या तिथून मागे घेताना दोन्ही बाजूंची वाहतूक तुंबते.

बंधाऱ्यावरचा प्रसंग

गेल्या हंगामात आमच्या एका गटात घडलेली हकीकत सांगण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यातून आलेला एक तरुण ड्रायव्हर रात्री दोन ट्रॉल्या भरून निघाला. फोनने चार किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली, ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून. रात्रीच्या लाईटची पाळी असल्याने एक वयस्कर सभासद बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजत होते. पोराने ट्रॅक्टर थांबवला.

"आबा, ह्या बंधाऱ्यावरनं पल्याड जाता येतंय का?"

"फटफटी जातीया लेकरा. तुझ्या मागं दोन ट्रॉल्या हायती. नदीत जायचंय का तुला?"

"फोन तर सरळ जा म्हणतोय."

"फोनला म्हणावं, तू हो म्होरं!"

दोन ट्रॉल्या त्या अरुंद वाटेवर वळवणे सोपे नव्हते. मागची ट्रॉली सोडली, शेजारच्या वस्तीवरची चार माणसे उठवली आणि दीड-दोन तासांनी गाडी मूळच्या रस्त्याला लागली. फोनमधली बाई तोवर 'सरळ जा'चा घोष करीतच होती. खेप उशिरा पोचली, पण पोचली. त्या पोराने थांबून विचारले आणि आबांनी हातातले काम टाकून सांगितले, म्हणून हे जमले. आबा त्या रात्री शेतात नसते तर? हाच प्रश्न आम्हांस सर्व सभासदांपुढे ठेवायचा आहे. दरवेळी आबा योगायोगाने भेटतीलच असे नाही. त्यांना जे ठाऊक होते ते ड्रायव्हरला निघण्याआधीच कळले पाहिजे.

काय करावे

१) टोळी फडात शिरण्यापूर्वी सभासद, मुकादम आणि चिटबॉय यांनी फडापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट दिवसाउजेडी पायी चालून पाहावी. ओलावा, चारी, मोरी, लोंबत्या तारा आणि ट्रॉली वळण्याची जागा नजरेखालून घालावी.

२) ड्रायव्हरला फोनवर ठिकाण पाठवायचे असेल तर फडाच्या मधले पाठवू नये. शेतवाट जिथे डांबरीला मिळते तिथे उभे राहून ते पाठवावे. तिथून पुढे आपला माणूस गाडीबरोबर असावा.

३) गावाचे नाव पूर्ण सांगावे: बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, वस्ती कोणती. खुणेचे झाड, देऊळ, पाण्याची टाकी सांगावी. वडाचे झाड फोनच्या नकाशात नसते, पण ते जागेवर असते.

४) ड्रायव्हर बंधूंनी निघण्यापूर्वी पूर्ण वाट एकदा नजरेखाली घालावी. फोनने नेहमीपेक्षा जवळची वाट दाखवली तर विचारल्याशिवाय तिला लागू नये. जाताना नि येताना शक्यतो एकच वाट धरावी.

५) रस्त्यावर पाणी दिसले, किंवा पुढची वाट दिव्याच्या उजेडात दिसेनाशी झाली, की थांबावे. खाली उतरून पाहावे. पाण्यात गाडी घालू नये, मग फोन काही का सांगेना.

६) फोन स्टँडला लावावा आणि तो पाहण्याचे काम शेजारच्या माणसाने करावे. सन २०२० च्या नियमदुरुस्तीप्रमाणे गाडी चालवताना फोन वाट पाहण्यापुरताच आणि लक्ष विचलित न होऊ देता वापरता येतो.

७) रेंज गेली की नकाशा पुढे उमटत नाही. आपल्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेता येतो. आणि गट कार्यालयाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावा, कारण बॅटरी संपली की फोनमधला नंबरही जातो.

८) गावातला पूल किंवा रस्ता बंद असेल तर बाभळीचा फेस आडवा टाकून, लाल फडके बांधून तो दोन्ही टोकांना अडवावा आणि ग्रामपंचायतीस कळवावे. फोनच्या नकाशातही 'रस्ता बंद' असे कळवण्याची सोय असते. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे काम पाच मिनिटांचे आहे.

सभासद बंधूंनो, आपल्या फडात येणारा ड्रायव्हर बहुधा दूरच्या जिल्ह्यातला असतो. घरदार सोडून पाच-सहा महिने तो आपल्या उसासाठी रात्रीचा दिवस करतो. आपली ओढी-नाली त्याला कशी ठाऊक असणार? कोणत्या फरशीवरून पाणी जाते, कोणत्या मोरीची कड खचली आहे, हे कुठल्याही नकाशापेक्षा तुम्हांला जास्त कळते. तोड मिळाल्याची चिठ्ठी हातात पडली की पहिले काम वाट दाखवण्याचे करा. ऊस वेळेवर येईल, आणि तो पोरगा हंगाम संपल्यावर धडधाकट आपल्या घरी जाईल.