लिनक्स आणि आमची जुनी कागदपत्रे

शाळेच्या संगणक कक्षात आम्ही लिनक्स बसविले, तेव्हा पहिली अडचण क्षुल्लकच होती. टर्मिनलमध्ये पासवर्ड टंकताना पडद्यावर अक्षर तर नाहीच, टिंबही उमटत नाही. कळफलक बिघडला असे वाटते. ती गोपनीयतेची सोय आहे हे कळले, की भीती जाते.

खरा पेच जुन्या मराठी कागदपत्रांचा. वसतिगृहाच्या याद्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची भाषणे उघडावीत, तर समोर रोमन अक्षरांचा नुसता गोंधळ. दोष लिनक्सचा नव्हे. त्या काळच्या फाँटमध्ये साठविले जात ते रोमन अक्षरांचेच संकेतांक. फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. फाँट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना स्वतःचे संकेतांक आहेत. म्हणून एकेक फाइल आम्ही युनिकोडमध्ये रूपांतरित करतो आणि छापील प्रतीशी ताडून पाहतो. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात, आणि त्या याद्यांत माजी विद्यार्थ्यांची नावे आहेत. ती चुकता कामा नयेत.

नव्या लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडला. त्यात स्वर डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘बुद्ध’ हा शब्द ब, उकार, द, हलन्त, ध या क्रमाने टंकावा लागतो. म्हणजे कळफलक उच्चाराच्या क्रमाने चालतो. रोमन टंकनाला सरावलेल्या आम्हा मोठ्यांची आरंभी फार चिडचिड झाली. मुलांना मोडण्यासारखी जुनी सवयच नव्हती. ती आमच्याआधी शिकली, आणि आता याद्या तपासायला तीच आमच्या शेजारी बसतात.