संगणकशास्त्र की नेटवर्किंग?

बारावीचा निकाल लागला की सल्ल्यासाठी पालकांची पावले शाळेकडे आणि ग्रामपंचायतीकडे वळतात. मुलीला वा मुलाला संगणकाचे शिक्षण द्यावयाचे हे ठरलेले असते. परंतु पदवी संगणकशास्त्राची घ्यावी की नेटवर्किंगची, हा प्रश्न उरतो. विद्यार्थ्याच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे आणि कुटुंबाची पुंजी या निर्णयात गुंतलेली असते. म्हणून या दोहोंतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकशास्त्राचा पाया गणित हा होय. प्रश्नाची उकल पायऱ्यापायऱ्यांनी कशी करावी, माहितीची मांडणी कशी असावी, प्रोग्रॅम कसा लिहावा, याचे शिक्षण त्यात मिळते. नेटवर्किंगमध्ये संगणक एकमेकांस जोडणे, राउटर व स्विच बसविणे, बिघाड शोधणे आणि जाळ्याची सुरक्षितता राखणे यांवर भर असतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. 'भारतनेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्यांची देखभाल करणारे कुशल हात खेड्यांनाही हवे आहेत.

तथापि, हे दोन विषय परस्परांपासून तुटलेले नाहीत. 'गेट' परीक्षेच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात नेटवर्क हा एक स्वतंत्र विभागच आहे. नेटवर्किंगचे विशेष कौशल्य पदवीनंतरही मिळविता येते. 'सीसीएनए'सारख्या प्रमाणपत्र परीक्षेस पदवीची अट नाही. मात्र त्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांचीच असते. यंत्रे बदलतात, तसे हे ज्ञान पुनःपुन्हा ताजे करावे लागते. उलट, गणिताचा सुटलेला पाया नोकरी करता करता भरून काढणे कठीण जाते.

यास्तव ज्याला गणिताची गोडी आहे, पुढे उच्च शिक्षण घ्यावयाचे आहे किंवा कामाचे क्षेत्र अद्याप ठरलेले नाही, त्याने संगणकशास्त्राकडे वळणे हिताचे ठरते. ज्याचा ओढा प्रत्यक्ष यंत्रांकडे आहे आणि ज्याला लवकर मिळवते व्हावयाचे आहे, त्याने नेटवर्किंग निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रवेशापूर्वी चार गोष्टींची खातरजमा अवश्य करावी. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे काय? अभ्यासक्रमात गणित व प्रोग्रॅमिंग किती आहे? प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्वतः यंत्रे हाताळावयास मिळतात काय? आणि या पदवीवर पदव्युत्तर प्रवेश मिळतो काय? पदवीचे नाव आकर्षक असले, तरी निर्णय अभ्यासक्रम वाचूनच घ्यावा. पालकांसमवेत बसून तो वाचून दाखविणे, हे गावच्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगे मोलाचे कार्य आहे.