गरोदरपणातला थकवा: सोसायचा किती, तपासायचा कधी?

सकाळी पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल इथूनच सुटते, त्यामुळे महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळण्याची निदान आशा असते. संध्याकाळी परतताना तीही नसते. सव्वा तासाहून अधिक वेळ उभ्याने प्रवास, मग रिक्षा, मग घरचा स्वयंपाक. त्यात तिसरा महिना चालू असेल, तर पोट दिसत नाही म्हणून कुणी जागा देत नाही आणि मागायला तिलाच संकोच वाटतो. घरी सांगावे, तर ठरलेले उत्तर येते, ‘या दिवसांत असे व्हायचेच.’

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे आहे.

आधी खरे तेवढे पाहू. पहिल्या तीन महिन्यांत शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. त्याने झोप आणि सुस्ती येते. त्याच काळात वार तयार होत असते. मळमळीमुळे खाणे कमी होते. चौथ्या महिन्यापासून बहुतेकींना हुशारी वाटू लागते. सातव्या महिन्यानंतर पोटाचे वजन, पाठदुखी आणि रात्री लघवीला उठावे लागल्याने मोडणारी झोप यांमुळे थकवा परत येतो. हा थकवा विश्रांतीने कमी होतो.

पण विश्रांती घेऊनही तो हटत नसेल, तर पहिला संशय रक्तक्षयाचा घ्यावा. गरोदरपणात रक्तातील द्रवाचे प्रमाण तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढते. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरते. ते ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर त्याला साधारणपणे रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. म्हणजे जवळपास दोघींपैकी एक. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीला प्रसूतीतील रक्तस्राव झेपत नाही. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोकाही वाढतो.

या आजाराच्या अभ्यासात मुंबईचा मोठा वाटा आहे. याच लोकलने जाऊन कुर्ल्याला गाडी बदलली की परळ येते. तिथल्या हाफकिन संस्थेत लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ पासून गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचे रक्त सुधारते, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो गुण ज्या घटकाचा होता, त्याला पुढे फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, म्हणून ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला तेच गोळीतून मिळते.

सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक गोळी मोफत देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. प्रसूतीनंतरही ती तितकेच दिवस घ्यायची असते. अनेकींच्या गोळ्या मात्र डब्यातच राहतात, कारण मळमळ होते, शौचाला काळे होते. काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत ती घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबू-पाणी किंवा आवळा सोबत घेतल्यास फायदाच होतो. आहारात मोड आलेली मटकी, बाजरी, पालेभाज्या आणि चालत असेल तर मासे-मटण असावे. मात्र रक्तक्षय झाल्यावर फक्त खाण्याने तो लवकर भरून निघत नाही.

रोजच्या दिवसातही थोडे बदल करता येतात. दोनदा भरपेट खाण्याऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. दुपारी वीस मिनिटे पाठ टेकावी. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपावे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रोज थोडे चालावे, त्याने झोप सुधारते. लोकलच्या दिव्यांगांसाठीच्या डब्यात गरोदर स्त्रियांनाही प्रवास करता येतो, हे अनेकींना माहीत नसते. कायद्याच्या अटींत बसणाऱ्या नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, चक्कर, रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज येऊन डोके दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. थकव्यासोबत थंडी सोसत नसेल, तर थायरॉईड तपासावे. मन सतत उदास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सोबत जावे. आणि ‘व्हायचेच’ म्हणण्याआधी घरातल्यांनी तिला एवढेच विचारावे: मागच्या वेळी हिमोग्लोबिन किती आले होते?