मत माझं, मोबाइल कुणाचा?

परवा आमच्या बचतगटाच्या बैठकीत मोबाइलवरून मत देण्याचा विषय निघाला. बिहारमध्ये २८ जून २०२५ रोजी नगरपालिकांच्या निवडणुकांत काही मतदारांनी घरबसल्या अ‍ॅपवरून मत दिलं. आजारी, वृद्ध, गरोदर बायका, पोटापाण्यासाठी परगावी गेलेले लोक यांच्यासाठी ही सोय. आणि मतं सुरक्षित राहावीत म्हणून ब्लॉकचेन.

"ब्लॉकचेन म्हणजे काय गं?" एकीनं विचारलंच.

मी म्हटलं, "आपली हिशेबाची वही घे. समजा, तिची एकेक प्रत प्रत्येकीच्या घरी आहे. प्रत्येक पानावर मागच्या पानाची बेरीज पुढे ओढलेली. आता कुणी जुन्या पानावर खाडाखोड केली, तर पुढच्या सगळ्या बेरजा चुकणार आणि बाकीच्यांच्या वह्या लगेच चोरी सांगणार. मतांचंही तसंच. फक्त मत सांकेतिक लिपीत, म्हणजे कुणाचं कुणाला ते कळू नये."

सगळ्यांना पटलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, "पण ताई, आमच्या घरात फोन एकच. तोही ह्यांच्या खिशात!"

सगळ्या हसल्या. मला मात्र १९९१ ची लोकसभा निवडणूक आठवली. माझं नुकतंच लग्न झालेलं. निघताना सासरे म्हणाले, "शिक्का कुठे मारायचा ठाऊक आहे ना, सूनबाई?" मी मान डोलावली. पण शाळेतल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, तेव्हा मागे ना सासरे होते, ना नवरा. मला हवा तिथे शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. आजतागायत घरात कुणाला सांगितलेलं नाही!

मैत्रिणींनो, वही कितीही चोख असली, तरी लिहिणारा हातच कुणी धरला तर? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी असंच ब्लॉकचेनचं अ‍ॅप वापरलं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्या. फोनमध्येच कुणी शिरलं, तर मत वहीत पोचण्याआधीच बदलता येईल, असं त्यांचं म्हणणं. राज्यानं ते अ‍ॅप सोडलं.

आणि घरातलं माणूस शेजारी बसून "हे दाब" म्हणालं, तर? ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

एस्टोनिया या छोट्या देशात २००५ पासून इंटरनेटवरून मत देता येतं. तिथे यावर साधा उपाय आहे. मत पुन्हा देता येतं, शेवटचं तेवढं मोजतात. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं, तर इंटरनेटवरचं रद्द! म्हणजे दबावाखाली दिलेलं मत बाईला गुपचूप बदलता येतं.

अंथरुणाला खिळलेल्या आजीला, दिवस भरलेल्या लेकीला मोबाइलवरची सोय हवीच. पण उद्या ती आपल्या गावात आली, तर आपण पहिला प्रश्न हाच विचारायचा : यात आमचा आडोसा कुठे आहे?