लाकडाची दुचाकी, पोटाची गाडी

आफ्रिकेतील काँगो देशात गोमा शहराच्या परिसरात 'चुकुडू' नावाची लाकडी दुचाकी चालते. फळी, दांडा, दोन्ही चाके सगळे लाकडाचे. चाकांना तेवढी जुन्या टायरच्या रबराची पट्टी. पायडल नाही. एक गुडघा फळीवर टेकायचा नि दुसऱ्या पायाने जमीन रेटायची. उताराला गाडी पळते, चढाला ढकलावी लागते. डोंगरावरचे बटाटे, कोबी, कोळसा असा चार-पाच क्विंटल माल तीवरून बाजारात येतो. गाडी मोडली, की त्या दिवशी चूल थंड! २००९ साली तेथे चुकुडूचा पुतळा उभारला. आम्हांस वाटते, हा मान कष्टाचा. आपणही गळितापूर्वी बैलगाडीची चाके, आस तपासून वंगण घालावे. बैलांचा जीव वाचेल.