टिकली लावायची की नाही

श्रावणातली दुपार. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीचं सोसायटी ऑफिस उघडं आहे. भिंतीवर मेन्टेनन्सच्या थकबाकीदारांची यादी, खाली सतरंजी आणि सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या बायका. मधोमध कातरणाचा ढीग. आसपासच्या गाळ्यांत नाईटी आणि कुर्ते शिवले जातात, तिथून हे कातरण गोणीने फुकट मिळतं. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश चाललंय. त्या किरकिरीत इथे सगळ्याच जरा वरच्या पट्टीत बोलतात.

बाहुल्या शिवल्या जाताहेत. लहान मुलींसाठी नाहीत. घर सोडून निघालेल्या, घरातून काढलेल्या, किंवा काशीमिऱ्याच्या एखाद्या लॉजवर धाड पडली की पोलीस ज्यांना सोडवून आणतात, त्या बायकांसाठी. धाडीची बातमी दोन ओळींची येते. सोडवलेल्या पुढे कुठे गेल्या ते त्यात नसतं. त्या निवारागृहात जातात. या बाहुल्या ज्या निवारागृहात जायच्या आहेत त्याचा पत्ता इथे फक्त काकूंना माहीत आहे. बाकीच्या विचारत नाहीत. शोधत फिरणारा नवरा कोणाच्या ओळखीतला निघेल, सांगता येत नाही.

काकू शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांनी साचा जुन्या एक्स-रे फिल्मवर कापलाय, कोणाचा तरी गुडघा त्यात अजून दिसतो. साचा कापडावर ठेवायचा, खडूने आखायचं, उलट्या बाजूने टीप मारायची, बगलेपाशी कात्रीने बारीक खाचा द्यायच्या. खाचा चुकल्या तर सुलटी केल्यावर बाहुलीचा हात आखडतो. मग विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने हातपाय बाहेर काढायचे आणि कापूस भरायचा, चिमटी-चिमटीने. "मान ठासून भर गं," काकू एका कॉलेजातल्या मुलीला सांगतात. "नाहीतर आठ दिवसांत मान टाकते."

पोटात मात्र नुसता कापूस नाही. भाजून वाळवलेले चिंचोके, दुहेरी शिवलेल्या पिशवीत, मूठभर. त्याने बाहुली हातात घेतली की वजन लागतं. आधी तांदूळ भरले होते. पावसाळ्यात किडे झाले. मी एक तयार बाहुली उचलते. वीतभरच, पण तळहातावर बसते ती बसतेच. आत चिंचोके सरकतात, हलका आवाज येतो. खाली ठेवावीशी वाटत नाही आणि त्याचं कारण मला पटकन देता येत नाही.

काकूंच्या सुयांच्या डब्याला बोटभर उंचीची एक बाहुली लटकते. त्सुनामिका. डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर ऑरोविलजवळच्या कोळी वस्त्यांमधल्या बायकांनी उमा प्रजापती यांच्या 'उपासना' या स्टुडिओत चिंध्यांमधून शिवलेली. ती विकायची नसते, द्यायची असते. तिथे मात्र बाहुली करणाऱ्या बाया दुःखातल्या होत्या. इथे शिवणाऱ्या एकीकडे आणि घेणाऱ्या दुसरीकडे. हा फरक काकू स्वतःच बोलून दाखवतात आणि पुढे काही न बोलता दोरा दाताने तोडतात.

खरा वाद चेहऱ्याशी सुरू होतो.

गुजराती बेन टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या आहेत. लाल, मरून, खड्यांच्या. शिवाय काळ्या मण्यांची बारीक सर. "बाई आहे, कपाळ मोकळं कसं ठेवायचं?" दोघी-तिघी माना डोलवतात. निवारागृहातून आलेल्या मॅडम, ज्या मागची खेप घेऊन गेल्या होत्या, दाराशी ओली छत्री टेकवून आत येतात आणि पाकीट बघून म्हणतात, "मणी नकोत, बेन." मग जरा थांबून, "टिकलीपण नको. तिला लावायची असेल तर ती लावेल. आमच्याकडे बऱ्याच जणी मंगळसूत्र काढून आलेल्या असतात. काहींचं नवऱ्याने विकून दारू प्यायलेली असते."

बेन पाकीट पर्समध्ये टाकतात. चेहरा पडलेला आहे, पण वाद घालत नाहीत.

"आणि मण्यांचे, बटणांचे डोळे नकोत," मॅडम पुढे सांगतात. "बायांबरोबर पोरं असतात, तोंडात घालतात." म्हणून डोळे दोऱ्याने, गाठीच्या टाक्याचे. तोंड? एका वहिनींनी सुरेख लाल हसू भरलंय, साखळी टाक्यात. मॅडम ते बराच वेळ न्याहाळतात. वहिनीच विचारतात, "उसवू का?" मॅडमना नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. शेवटी काकू निकाल देतात: यापुढे तोंड म्हणजे एक सरळ, छोटा टाका. हसती नाही, रडकीही नाही. आहे ती हसरी राहू दे.

मला विचाराल तर काकूंचं बरोबर आहे. संकटातल्या माणसाला हसरं काही तरी देण्याची घाई बहुतेक वेळा देणाऱ्याची असते.

कॉलेजातल्या मुलीने परकरांना खिसे लावलेत आणि त्यांत चिठ्ठ्या घातल्यात, 'तू खंबीर आहेस' अशा. मॅडम त्या एकेक करून काढतात. निम्म्या बायका बंगाल-नेपाळकडच्या, मराठी वाचणार कोण, हे कारण त्या सांगतात. दुसरं कारण सांगत नाहीत. खिसा मात्र त्यांना आवडतो. "रिकामा ठेव. ठेवायला त्यांच्याकडे काही ना काही असतं." 181 हा हेल्पलाइनचा नंबर तरी आत घालू का, असं मुलगी विचारते. मॅडम हसतात. तो फिरवूनच बऱ्याच जणी पोचलेल्या असतात.

काम करता करता मॅडम आपल्या कामाची गोष्ट सांगतात. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये राहायची सोय जास्तीत जास्त पाच दिवस. त्यापुढे शक्ती सदन, ज्याला 2022च्या आधी स्वाधार गृह म्हणायचे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली की निवारागृहाने तिला आसरा द्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे. "कायदा आसरा देतो," मॅडम म्हणतात, "पण रात्री दिवा घालवल्यावर तिने हातात काय धरायचं, ते त्यात कुठं लिहिणार?" मग त्यांनाच आपलं वाक्य जड वाटतं बहुतेक, कारण लगेच त्या चहा कोण टाकतंय ते विचारतात.

चहा येईपर्यंत बाहुल्या मोजून पिशवीत भरल्या जातात. सुयाही मोजल्या जातात, एकही बाहुलीत राहता कामा नये. एक सुई कमी भरते. सतरंजी झटकली जाते, कातरण चाळलं जातं, शेवटी ती वहिनींच्या पदराला टोचलेली सापडते.

उत्तनची मावशी कोपऱ्यात केस लावतेय. कोळ्याची बायको, जाळं दुरुस्त करण्यात हयात गेली. सुती लडीचे धागे ती टाळूवर जाळ्याच्या गाठीने बांधते. ओढून बघा, निघत नाहीत. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसतात. "मावशी, मागच्या वेळचे केस पातळ पडले. बाया सारख्या वेण्या घालतात आणि सोडतात. धागा तुटत नाही, पण वेणी शेपटीसारखी होते."

"किती पेडी घालतात? तीन का चार?"

"तीन. एक जण पाच पेडी घालते, कुठलीशी नेपाळकडची."

मावशी लड मांडीवर घेऊन धागे मोजते, दुप्पट करते, पुन्हा मोजते. "मग या लडीत चारच डोकी होतील," ती काकूंना ओरडून सांगते. "दोरा आणा आणखी. काळाच आणा असं नाही."